फुकटची दुर्बीण आणि आमचे साडभाऊ

आमच्या साडभाऊंइतका सरळ हाताचा कारागीर चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत झाला नाही, आणि वाकड्या हाताचा म्हणून त्यांच्याइतका बदनामही दुसरा कुणी झाला नाही. ही दोन्ही विधानं मी शपथेवर करायला तयार आहे. दुसऱ्या विधानाला कुरखेड्यापासून कोरपन्यापर्यंत कुठल्याही पानठेल्यावर साक्षीदार मिळतील. पहिल्याला मी एकटाच साक्षीदार आहे, आणि मी तोंड मिटून बसलो होतो, कारण तसं वचन दिलं होतं. आता साडभाऊ नाहीत, त्यांच्या घरच्या बाई नाहीत, आणि ज्या छऱ्याच्या बंदुकांपायी हे सगळं घडलं त्याही गंजून भंगारात गेल्या. म्हणून लिहितो.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्याकडे साडू-साडूंचं नातं थट्टेचं असतं, पण त्यांची थट्टा करायला आधी त्यांनी आपल्याकडे बघावं लागे, आणि ते नेहमी आपल्या मागच्या भिंतीकडे बघत असत. भिंत ओळंब्यात आहे की नाही हे ठरवल्याशिवाय त्यांना खुर्चीवर बसवत नसे. बल्लारपूरला खाणीच्या सर्व्हे ऑफिसात ते यंत्रदुरुस्तीला होते. थिओडोलाइट, डंपी लेव्हल, होकायंत्रं, जे काही डोळ्याला लावून बघायचं असतं ते सगळं त्यांच्या टेबलावर येई. जमिनीच्या पोटात दोन टोकांनी बोगदे खणत आणतात आणि ते मधोमध भेटावे लागतात. यंत्र केसभर चुकलं तर ते भेटत नाहीत, जुन्या पाण्याने भरलेल्या खाणीत घुसतात. साडभाऊ म्हणत, "वरते केसभर चुकलं, का खाली मानूस गेला. साहेबाची सही राह्यते कागदावर, पन नेम तं आपला असते ना." हे वाक्य मी त्यांच्याकडून शंभरदा ऐकलं असेल, आणि शंभरही वेळा जांभई दिली.

लोकांच्या घरी गेले की बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो आधी सरळ करत, मग हात जोडत. फोटो सरळ टांगलेला असला तर खिळा हलवून बघत. माझ्या धाकट्या मेहुण्यासाठी मुलगी बघायला आम्ही मूलच्या बाजूला गेलो होतो, तेव्हा मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली तरी साडभाऊ आढ्याकडेच बघत होते. मुलीच्या बापाला वाटलं, माणूस देवभोळा दिसतो, किंवा मुलगी पसंत नाही. त्याने घाबरत विचारलं, "काऊन भाऊ, काही कमी हाये का?" साडभाऊ म्हणाले, "हो. पूर्वेकडून दीड इंच कमी हाये." सोयरीक झाली, पण ते दीड इंच कशात कमी होतं हे मुलीच्या आईला पटवून सांगेपर्यंत आमची शेवटची एसटी गेली.

त्यांच्या घरी कोळ्यांना अभय होतं. जुन्या यंत्रांच्या दुर्बिणीत जी आडवी आणि उभी रेघ दिसते, ती रेघ म्हणजे कोळ्याचा धागा असतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. कोळ्याच्या धाग्याइतकं बारीक, सरळ आणि ताणून धरलं तरी न तुटणारं दुसरं काही त्या काळी मिळत नसे. त्यामुळे घरातले दोन कोपरे त्यांनी राखून ठेवले होते, आणि तिथे झाडू लावायची बाईंना मनाई होती. खाणीवरून येताना ते आगपेटीत कोळी घालून आणत. एकदा बाईंच्या माहेरच्या कुणा आत्याने आपण होऊन दिवाळीआधी घर झाडून काढलं, तेव्हा साडभाऊ दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फक्त एवढंच म्हणाले, "बारीक धाग्याचा होता तो." बाई मला सांगत, "दुसऱ्यायच्या नवऱ्याईले दारूचा नाद, पत्त्याचा नाद. मायं नशीब असं का मी कोय्याईचं पोट पाहून राह्यली." बाई बोलत भरपूर. त्यांच्या मनात जे येई ते त्याच मिनिटाला मोहल्ल्यात पोचलेलं असे.

साडभाऊंची इच्छा एकच होती. रिटायर झाल्यावर बल्लारपूरच्या स्टेशनाकडच्या रस्त्यावर एक खोली घ्यायची आणि पाटी लावायची. पाटी तर त्यांनी रिटायर व्हायच्या चार वर्षं आधीच रंगवून घेतली होती. हिरव्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, ‘सर्व्हे यंत्रे व सर्व प्रकारच्या दुर्बिणी दुरुस्त करून मिळतील’, आणि खाली त्यांचं नाव. अक्षरांच्या रेघा त्यांनी पेंटरला पट्टी धरून आखून दिल्या होत्या, आणि तो पेंटर पुन्हा त्या गल्लीत फिरकला नाही म्हणतात. पाटी पलंगाखाली फडक्यात गुंडाळून ठेवलेली असे. मी गेलो की ती बाहेर निघे, आम्ही दोघं तिच्याकडे बघत चहा पीत असू, आणि मग ती पुन्हा आत जाई. त्यांच्या जातीच्या, त्यांच्या गावच्या, त्यांच्या शिक्षणाच्या माणसाचं नाव पाटीवर असणं म्हणजे काय, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, माझाही बाप तसाच होता.

आता फुकटच्या दुर्बिणीकडे येतो. त्या वर्षांत चंद्रपुरात पंप आणि फवारे विकणाऱ्या एका दुकानदाराने स्वस्तातल्या छऱ्याच्या बंदुका ठेवल्या होत्या. लायसन लागत नसे. धानावर पोपट पडतात, भाजीत माकडं शिरतात, म्हणून शेतकरी त्या घेत. बंदुकीसोबत दुर्बीण फुकट मिळे, आणि खरं सांगायचं तर बंदूक त्या दुर्बिणीपायीच विकली जाई. काळी, चकचकीत, बोटभर जाडीची नळी. दुकानात डोळा लावला की समोरच्या हॉटेलातला भज्यांचा झारा हाताशी आल्यासारखा दिसे, आणि माणूस तिथेच फसे. घरी नेल्यावर तिचे गुण कळत. दहा छऱ्यांनंतर आतली काच खुळखुळे. वीस छऱ्यांनंतर आतली फुली कलंडे. तिला धरणारे चिमटे असे की प्रत्येक बाराला दुर्बीण पाव इंच मागे सरके, आणि बेसावध माणसाच्या भुवईला खोक पडे. पावसाळ्यात आत बाष्प धरलं की सगळं जग दुधात कालवल्यासारखं दिसे. साडभाऊंनी पहिल्यांदा तिच्यातून पाहिलं आणि लगेच डोळा पुसला. म्हणाले, "हिच्यातून पाह्यन्यापरीस डोये मिटून पाह्यलेलं बरं."

पण वाकडं दिसलं की त्यांचे हात शिवशिवत. स्प्रिंगची बंदूक आधी मागे आणि लगेच पुढे असा दोनदा धक्का देते, आणि तो पुढचा धक्का त्या दुर्बिणीला सोसत नाही, हे त्यांनी एका दुपारात शोधून काढलं. मी तेव्हा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होतो आणि कुरखेड्याला क्वार्टरमध्ये राहत होतो. साडभाऊ चार दिवस आमच्याकडे आले होते. गावात एक पाटील होते, धानाचे मोठे शेतकरी, बोलायला मोकळे. त्यांनी आपली नवी बंदूक आणि फुकटची दुर्बीण आणून ओट्यावर ठेवली, म्हणाले, "भाऊ, ह्या रांडेच्या दुर्बिनीनं माया कपाय फोडलं." साडभाऊंनी ती दुर्बीण पूर्ण उघडली. काचा बसवल्या, डबीतून कोळ्याचा धागा काढून नवी फुली घातली, चिमट्याखाली पत्र्याची चिपटी दिली आणि सगळे स्क्रू लाखेने बंद केले. लाख आमच्या त्या भागात झाडावरच मिळते. संध्याकाळी पाटलांनी पंचवीस पावलांवरून आगपेटी उडवली, आणि साडभाऊंच्या पाठीवर अशी थाप मारली की त्यांचा चष्मा पडला. त्या दिवशी साडभाऊ खूश होते. जेवताना दोनदा वरण मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांनी आम्हा दोघांना शेतावर बोलावलं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, अकरा पोपट ओळीने मांडून ठेवले होते. "अकरा छर्रे, अकरा पोपट!" पाटील म्हणाले. "एकबी वाया नाई गेला, भाऊ. याले म्हंते हात!" ओळीतला शेवटचा पोपट जिवंत होता. साडभाऊंनी तो उचलला, धोतराच्या सोग्यात घेतला आणि पाटातल्या पाण्याने त्याची चोच ओली करत बसले. पाटील हसत होते, मीही थोडा हसलो. तो पोपट दुपारी त्यांच्या हातात गेला. परत येताना ते दोनदा पाटावर हात धुवायला थांबले. मला वाटलं, ऊन लागलं असेल. पंधरा दिवसांनी त्यांनी निरोप पाठवला की चिमट्याचा एक स्क्रू राहून गेला आहे, बंदूक बल्लारपूरला पाठवा. पाटलांनी विश्वासाने पाठवली.

तिथून त्यांची बदनामी सुरू झाली. पाटलांच्या पहिल्या कौतुकामुळे दोन्ही जिल्ह्यांतल्या फुकटच्या दुर्बिणी बल्लारपूरला येऊ लागल्या होत्या. कुणी एसटीने पाठवी, कुणी रेल्वेने, कुणी लुनावर बंदूक आडवी बांधून स्वतः येई. साडभाऊ कुणाला नाही म्हणत नसत आणि कुणाकडून काही घेतही नसत. काच खुळखुळणं बंद होई, बाष्प धरणं बंद होई, फुली खिळ्यासारखी जागेवर राही. बंदुकीच्या टोकावरची माशी, म्हणजे दुर्बिणीशिवाय नेम धरायचा तो लहानसा दाणा, ते काढून ठेवत. विचारलं तर सांगत, "दुर्बीन असल्यावर तिचं का काम?" माणूस घरी जाऊन दुर्बिणीतून बघे तर पोपटाच्या गळ्यावरची लाल रेघसुद्धा स्वच्छ दिसे. छर्रा मात्र लागत नसे. "दिसते लय साफ, पन लागत नाई," हे वाक्य आमच्या भागात इतकं चाललं की शाळेत न चालणाऱ्या मुलाबद्दलही मास्तर तेच म्हणू लागले. छर्रा चुके तो कसा, तर दहा पावलांवर दोन बोटं डावीकडे वर, आणि तीस पावलांवर सहा बोटं. झाडागणिक चूक बदले, त्यामुळे अंदाज बांधून थोडं उजवीकडे धरावं तर तेही जमत नसे. स्क्रू लाखेने बंद, आणि "हात लावला तं काच तडकन" अशी साडभाऊंची ताकीद. पाटलांनी तर जाहीर करून टाकलं की पहिल्या वेळेला हात साधला तो योगायोग होता, मुळात या माणसाचा हातच वाकडा.

मीही तेच मानत होतो, हे लपवत नाही. माझ्याकडे स्वतःची बंदूक होती, क्वार्टरमागच्या पपयांवर माकडं येत म्हणून घेतलेली. तीही साडभाऊंनी लावून दिली होती, आणि माकडं मला ओळखू लागली होती. एका रविवारी मी ती घेऊन रागारागाने बल्लारपूरला गेलो आणि परसात उभा राहून बोलायला लागलो. साडूच्या तोंडावर बोलू नये ते बोललो. म्हणालो, खाणीतले बोगदे कसे भेटतात तुमचे, देव जाणे. साडभाऊंनी ऐकून घेतलं. मग बाई नळावर गेल्याची खात्री केली, चिंचेच्या बुंध्याच्या भेगेत आगपेटीची एक काडी खोचली, वीस पावलं मोजली आणि माझ्याच बंदुकीने, माझ्याच दुर्बिणीतून नेम धरला. नळी काडीच्या बरीच उजवीकडे आणि खाली रोखलेली मला दिसत होती. काडीचं डोकं उडालं. दुसरी काडी खोचून तीस पावलांवर गेले, नळी आणखी उजवीकडे नेली, आणि दुसरीचंही डोकं उडालं. मी जाऊन बुंध्यातली बिनडोक्याची काडी उपसून पाहिली.

"किती वाकडं हाये ते मले माहीत हाये, साडभाऊ," ते म्हणाले. "मीच तं केलं."

मग चिंचेखाली बसून त्यांनी सगळं सांगितलं. रोज सकाळी पंचशील म्हणतो, त्यातलं पहिलं जीव न मारण्याचं, ते तोंडाने म्हणून त्याच हाताने कसा नेम लावून देऊ, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, "पोपट तर पाटलांनी मारले." ते म्हणाले, "मारले त्यानं. पन नेम माया होता." मी ओव्हरसियर माणूस, वाद सोडणार कसा? मी विचारलं, धान खाल्लं जातं त्या शेतकऱ्याचं काय? यावर ते पहिल्यांदा हसले. "बार झाला का थवा उडते. छर्रा अंगाजवळून सुं करत गेला का दोन दिवस येत नाई. धान वाचते ना? मंग लागाले कायले पायजे?" मी म्हणालो, दुरुस्तीला नाही म्हणायचं मग. तेही त्यांनी योजून ठेवलं होतं. "मी नाई म्हनलो तं थे नागपूरले नेतीन. तिथी सरळ करून देतीन." म्हणजे दोन्ही जिल्ह्यांतल्या बंदुका आपल्याच हाताखाली याव्यात, म्हणून ते चांगल्या काचा बसवत होते, कोळी पाळत होते आणि शिव्या खात होते. हे कुणालाही सांगायचं नाही असं त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. "बाईले पन?" मी विचारलं. "तिले तं आधी नाई. तिच्या पोटात राह्यत नाई. मायी बदनामी तिले सहन होत नाई, नळावर सांगून देईन." मी वचन दिलं. त्यांच्या वागण्याला मी मनात वेडेपणाच म्हणत होतो, पण माकडांचा राग त्या दिवसापासून गेला.

मला काळजी होती ती पाटीची. रिटायर व्हायला वर्ष उरलं होतं, आणि ज्याला फुकटची दुर्बीण सरळ करता येत नाही त्याच्याकडे थिओडोलाइट कोण आणणार? मी एकदा तसं बोललो. ते म्हणाले, "यंत्र येकडाव हातात आलं का मानसाले कयते." पण ते यायला हवं होतं ना हातात.

ते रिटायर झाले आणि खोली बघणं सुरू झालं, त्याच सुमाराला कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यांची कामं निघाली. माझी बदलीही तिकडेच झाली होती, आणि तिथल्या एका ठेकेदाराचे इंजिनिअर माझ्या ओळखीचे झाले. त्यांच्याकडे दोन थिओडोलाइट आणि पाच लेव्हल, आणि धुळीने दर महिन्याला काहीतरी बिघडे. नागपूरला पाठवलं की पंधरा दिवस काम बंद. मी म्हणालो, आमचे साडभाऊ आहेत बल्लारपूरला, सगळं वर्षाचं काम त्यांना द्या. मी त्यांना रविवारी घेऊन गेलो. बाईंनी पाटी फडक्यातून काढून, ओल्या कपड्याने पुसून, ओसरीवर भिंतीला टेकवून ठेवली होती. नवं लुगडं नेसल्या होत्या. साडभाऊंनी खाणीतल्या कामाचे दाखले काढले होते. सगळं चांगलं चाललं होतं, तोवर इंजिनिअरसाहेब पाटीवरचं नाव वाचून थांबले.

"दिसते लय साफ, पण लागत नाही, ते तुम्हीच का?" त्यांनी विचारलं आणि मोठ्याने हसले. त्यांच्याकडेही तसली बंदूक होती, साइटवरच्या स्टोअरकीपरने तीही बल्लारपूरला पाठवून लावून आणली होती. दर रविवारी ते माणिकगडच्या बाजूला हरियलांच्या, म्हणजे हिरव्या कबुतरांच्या, मागे जात आणि रिकाम्या हाताने येत. बंदूक जीपमध्येच होती. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "असं करू या. ही आता इथं माझ्यासमोर सरळ करून द्या. त्या कुंपणावर मी बाटली ठेवतो. पहिल्या छऱ्याला फुटली, तर उद्यापासून माझी सातही यंत्रं तुमच्याकडे. पुढच्या ठेकेदारालाही मी सांगतो." बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं की मला मान फिरवावी लागली.

साडभाऊ बंदूक घेऊन परसात गेले. साहेब ओसरीवर चहा पीत बसले. मी मधल्या दारात उभा होतो, मला दोन्हीकडचं दिसत होतं. त्यांनी लाख खरवडली, चिपटी काढली, चिंचेच्या बुंध्यावर एक कागद टाचला आणि पहिला छर्रा मारला. स्क्रू फिरवला, दुसरा मारला. हात इतका शांत चालत होता की मी पाटी कुठल्या उंचीवर लावायची याचा विचार करू लागलो. शेवटचे तीन छर्रे त्यांनी एकापाठोपाठ मारले आणि जाऊन कागद काढून आणला. तिन्हींचं मिळून एकच भोक पडलं होतं. त्यांनी तो कागद मला दाखवला. आयुष्यात त्यांना कुणाला काही दाखवून अभिमान वाटलेला मी तेवढा एकदाच पाहिला. मी म्हणालो, "झालं! चला, साडभाऊ." ते बंदूक मांडीवर घेऊन क्षणभर बसले. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर पुन्हा उचलला आणि स्क्रू अर्धा फेरा पुढे फिरवला.

मी खाली वाकून कुजबुजलो, "बाटली आहे साडभाऊ, नुसती बाटली. काचेला कुठला जीव?"

"आज बाटली हाये," ते म्हणाले. "अन् येत्या रविवारी?"

कागद त्यांनी चुरगाळून चुलीपाशी टाकला. साहेबांचा नेम चांगला होता, छर्रा बाटलीच्या वरून गेला आणि मागच्या पेरूची दोन पानं पडली. साहेब हसले, साडभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वय होतं माणसाचं. वाईट वाटून घेऊ नका." आणि मला म्हणाले, यंत्रं नागपूरलाच बरी. बाईंनी साहेबांना जाता जाता दुसरा चहा केला, आणि चूल पेटवायला तो कागद घातला. मला तो हिसकून घ्यावासा वाटला. वचन दिलेलं असल्याने मी जागचा हललो नाही, आणि त्या न हलण्याबद्दल मी स्वतःला पुढे कधी पूर्ण माफ केलं नाही.

खोली घेतली नाही. पाटी काही दिवस ओसरीवर राहिली, मग उन्हाळा आला आणि बाईंनी ती पालथी घालून तिच्यावर मोहफुलं वाळत टाकली. पत्रा चांगला होता, ऊन धरत असे. साडभाऊ खाट टाकून त्या पाटीशेजारी बसत आणि मोहफुलांना मुंग्या लागल्या की हलक्या हाताने झटकत. बंदुका येतच होत्या, कारण फुकटचं काम करणारा वाकडा हातही लोकांना चालतो. ते त्या लावून देत. शिव्यांची पोस्टकार्डं येत, ती बाई मोठ्याने वाचून दाखवत आणि वाचता वाचता रडत. साडभाऊ कोपऱ्यातल्या जाळ्याकडे बघत ऐकत असत. एकदा मला म्हणाले, "सात वर्ष झाले, साडभाऊ. येकबी लागला नाई." तेव्हा आम्ही दोघंच होतो, आणि त्यांना वाटलं असावं की हे ऐकणारं जगात कुणीतरी असावं. मी "वा" म्हणायला हवं होतं. मी विषय बदलला.

ते हिवाळ्यात गेले, तीन दिवसांच्या तापाने. वंदना झाली, माणसं पांगली, आणि बाईंनी मला बाजूला बोलावलं. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही त्याईच्या संग राह्यत होते. मले खरं सांगा. त्याईचा हात खरंच गेला होता काय? मी त्याईले लय बोलली. पाटीवर मोहं टाकले मी." मला एका वाक्यात सांगता आलं असतं. पण कुरखेड्याच्या, मूलच्या, राजुऱ्याच्या घराघरात त्या बंदुका तेव्हा चालू होत्या, बाईंच्या पोटात राहणार नव्हतं, आणि धानं तयार होती. मी म्हणालो, "हात नाही बाई, डोळे कमी झाले होते." त्या बराच वेळ मान हलवत राहिल्या. त्यांना तेवढंही बरं वाटलं, असं मला वाटलं. हे मला आजही टोचतं, कारण त्या तेच खरं मानून गेल्या.

त्याच महिन्यात कामासाठी कुरखेड्याला गेलो तेव्हा पाटील धुऱ्यावरच भेटले. साडभाऊ गेल्याचं सांगितलं, तर हळहळले. माणूस भला होता म्हणाले. मग त्यांना राहवलं नाही. समोरच्या मोहावर पोपटांचा थवा बसला होता, पाटलांनी बंदूक उचलली, नीट नेम धरला आणि बार केला. सगळं झाड हिरवं उडालं. थवा ओरडत एक वळसा घेऊन जंगलाकडे गेला, आणि पिवळ्या पडलेल्या धानावर एकही पाखरू राहिलं नाही. मी झाडाखालची जागा बघितली. खाली काही पडलं नव्हतं.

"पाह्यलं?" पाटील चिडून म्हणाले. "गेलेल्या मानसाले बोलू नोये, ओव्हरसियरसाहेब, पन तुमच्या साडभावानं सत्यानास केला ह्या बंदुकीचा. हातच वाकडा होता का नाई, तुम्हीच सांगा?"

थवा आता ठिपक्यांएवढा झाला होता, तो दिसेनासा होईपर्यंत मी थांबलो.

"हो पाटील," मी म्हणालो. "वाकडाच होता."